मुलांना मोकळं सोडा म्हणजे नक्की काय करू?

खडूवाली: कालच्या धाग्यात एकांनी ठोकून दिलंय, 'पाठांतर बंद करा, मुलं आपोआप सर्जनशील होतील.' २२ वर्षं वर्गात उभी आहे. आपोआप फक्त गोंगाट होतो. 'पिसा' म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी होणारी परीक्षा. तिने २०२२ मध्ये पहिल्यांदा सर्जनशील विचार तपासला, तेव्हा सिंगापूर पहिलं आलं, ६० पैकी ४१ गुण. गणितातही तेच पहिलं! वर्गात मी गिलफर्ड या मानसशास्त्रज्ञाचा तो खेळ घेते, विटेचे उपयोग सांगा. भिंत, भिंत, भिंत. एकच म्हणाला, उगाळून रंग करू. वीट म्हणजे भाजलेली माती, हे त्याला ठाऊक होतं म्हणून.

मागचा_बाक: ते 'एकांनी' म्हणजे मी. नाव घ्या की. चौथीत २५ × १६ होतं. चार पंचवीस शंभर, असे चार शंभर, म्हणून मी सरळ ४०० लिहिलं. बाईंनी लाल शाईत 'रीत चुकली' लिहून शून्य दिला. पुढे कधी डोकं चालवलं नाही, सांगतील तसं उतरवलं.

पाढे_पाठ: चार पंचवीस शंभर स्वप्नात आलं होतं का हो? पाढा पाठ होता म्हणूनच सुचलं ना!

मागचा_बाक: बरं, पाढ्याचे उपकार. शून्य बाईंनी दिला.

डिंकवाली_आई: सर्जनशीलता गेली खड्ड्यात, आधी ते प्रकल्प बंद करा! रात्री साडेअकराला 'आई, उद्या ज्वालामुखी न्यायचाय.' पोरगी झोपली, मी पुठ्ठे कापत बसले. बक्षीस मिळालं. मला!

पाढे_पाठ: आमच्याकडे धरण होतं. पहाटेपर्यंत गळत होतं. मीही गळालो.

खडूवाली: आम्हाला कळत नाही वाटतं? आठ वर्षांच्या हाताने कड इतकी सरळ कापली जात नाही. पण वाकड्या ज्वालामुखीला बक्षीस दिलं की तुमचीच चिठ्ठी येते, 'आमच्या मुलीवर अन्याय.'

डिंकवाली_आई: मी नाही पाठवली चिठ्ठी! उगाच सगळ्यांना एका माळेत ओवू नका. 'वाकडा चालेल' एवढं वहीत लिहून द्या, मी सुखाने झोपते.

खडूवाली: देते. सही करून परत पाठवा.

मागचा_बाक: मूळ मुद्दा लाव्ह्यात वाहून गेला, अभिनंदन.

खडूवाली: तुमच्या ४०० ला मी शून्य दिला नसता, हे कबूल. फळ्यापाशी बोलावून म्हटलं असतं, 'कसं केलंस ते सगळ्यांना सांग.' आला असतात?

मागचा_बाक: आलो असतो. बहुतेक.