दुहेरी काचांबद्दल
कुणीतरी विचारलंय, हर्स्ली हाऊसच्या खिडक्यांना सरळ दुहेरी काचा का बसवत नाहीत? इंग्लंडमधल्या हॅम्पशरमधला हा वाडा १७२०च्या दशकातला, १९५८पासून आयबीएमचं ऑफिस. वारसा यादीत असल्यामुळे परवानगी लागतेच, पण खरी अडचण वजनाची. वर-खाली सरकणाऱ्या तावदानाला दोरीवर वजनं टांगलेली असतात. काच जड झाली की ती कमी पडतात आणि तावदान वर ठरत नाही. म्हणून अशा इमारतींत आतून वेगळी, काढता येणारी काचेची चौकट लावतात. आवाज अडवायचा तर दोन काचांमधे १०० मिमी तरी अंतर हवं. आतली चौकट घट्ट, बाहेरची किंचित सैल. उलट केलंत तर खोलीतली दमट हवा मधे शिरून अडकते, बाहेरच्या काचेवर पाणी धरतं आणि खालचं लाकूड कुजतं. आतल्या लाकडी झडपा नंतर मिटतील ना, हेही आधी मोजा. बरेच कंत्राटदार विसरतात.