सल्ला हवा : व्हीएस कोड माझं ऐकत नाही (इंडेंट, फॉरमॅटिंग आणि एफ२ चं अर्धवट रिनेम)

कळफलक
मंडळी, नवीन टीममध्ये आल्यापासून व्हीएस कोड या कोड एडिटरशी रोज भांडण चाललंय. मागे सर्व्हरकडे पायथनचं जँगो, पुढे ब्राउझरकडे जावास्क्रिप्टचं रिअ‍ॅक्ट, सगळं एकाच रेपोत (गिटने सांभाळलेल्या कोडच्या फोल्डरात).

टॅब साइज ४ ठेवलाय, तरी काही फायलींत २ चाच इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) पडतो. फॉरमॅट ऑन सेव्ह (सेव्ह करताच कोडची मांडणी आपोआप नीट होणं) चालू आहे, पण कधी होतं, कधी नाही. परवा एक ओळ बदलून पीआर (बदल तपासून घेण्याची विनंती) टाकला तर अख्खी फाइल लाल-हिरवी. 'नक्की काय बदललंय ते सांग' म्हणून परत आला. आणि रिअ‍ॅक्टच्या बाजूला एफ२ दाबून एका फंक्शनचं नाव बदललं, तर उघड्या फायलींतच बदललं, बाकी ठिकाणी जुनंच.

टीममधले दोघं म्हणतात पायचार्म (पायथनसाठीचा दुसरा एडिटर) घे, सुटशील. घेऊ का? की सेटिंग्ज उडवून नव्याने सुरुवात करू?

रात्रपाळी
काही उडवू नका. तुमच्या सेटिंग्ज उडवल्या तरी रेपोतल्या तशाच राहणार.

व्हीएस कोडमध्ये सेटिंग्जचे थर असतात. तळाला डीफॉल्ट, त्यावर यूजरच्या, त्यावर वर्कस्पेसच्या, म्हणजे रेपोतल्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधली सेटिंग्ज-डॉट-जेसन. वरचा थर खालच्याला गप्प करतो. पण मेख अशी की एखाद्या भाषेपुरती लिहिलेली सेटिंग साध्या सेटिंगला नेहमी भारी पडते. वर्कस्पेसमध्ये टॅब साइज ४ असला आणि तुमच्या यूजर सेटिंग्जमध्ये खास जावास्क्रिप्टसाठी २ लिहिलेला असला, तर जावास्क्रिप्टच्या फायलीत २ च चालणार. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ॲटच्या चिन्हाला जोडून 'मॉडिफाइड' टाइप करा, तुम्ही काय काय बदलून ठेवलंय ते समोर येईल.

तरी माझा पहिला संशय डिटेक्ट इंडेंटेशनवर. तो मुळातच चालू असतो. फाइल उघडली की तिच्यात आधीपासून किती स्पेस आहेत ते बघतो आणि तुमचा ४ बाजूला ठेवतो. खालच्या पट्टीत उजवीकडे 'स्पेसेस : २' दिसतंय ना, ते त्याचंच काम. बंद करता येतो, पण मी करणार नाही. दोनाच्या फायलीत चार घुसवून कोणाचं भलं झालंय?

डबलसीट
+१. फॉरमॅटिंगचं म्हणाल तर ऑटो सेव्ह 'आफ्टर डीले'वर आहे का बघा. तसं असेल तर आपोआप झालेल्या सेव्हला फॉरमॅटिंग होत नाही, स्वतः कंट्रोल-एस दाबलं तरच होतं. यात बिघाड काही नाही, तसंच ठेवलेलं आहे.

दुसरं, एकाच भाषेला दोन फॉरमॅटर लागलेत का? 'फॉरमॅट डॉक्युमेंट विथ' कमांड चालवली की यादी दिसते, तिथूनच डीफॉल्ट ठरवा. पायथनला ब्लॅक, जावास्क्रिप्टला प्रिटियर, विषय संपला. ब्लॅक ८८ अक्षरांवर ओळ मोडतो, प्रिटियर ८० वर. त्यावरून टीममध्ये वाद घालत बसू नका. आणि प्रिटियरची कॉन्फिग फाइल रेपोत असेल तर एडिटरमधल्या प्रिटियरच्या सेटिंग्ज तो विचारातच घेत नाही. तिथे कितीही खटपट करा, पालथ्या घड्यावर पाणी.

सोनचाफा
अख्खी फाइल लाल-हिरवी म्हणजे बहुतेक ओळींच्या शेवटांचा घोळ. टीममध्ये कोणी विंडोजवर, कोणी मॅकवर आहे का? खालच्या पट्टीत सीआरएलएफ (विंडोजची ओळ संपवायची खूण) किंवा एलएफ (मॅकची) लिहिलेलं असतं, ते बघा. खात्री करायला गिट डिफला डॅश-डब्ल्यू (मोकळ्या जागेतले फरक न दाखवण्याचा पर्याय) लावा. तुमची एकच ओळ उरली तर चोर सापडला.

उपाय रेपोत करा, स्वतःच्या मशीनवर नको. मुळाशी डॉट-गिटॲट्रिब्यूट्स फाइल ठेवून सगळ्या फायलींना टेक्स्ट-ऑटो (ओळींचे शेवट गिटने एकसारखे ठेवावेत असा नियम) लावा, मग गिट ॲडला रीनॉर्मलाइझचा पर्याय देऊन एक वेगळा कमिट करा. त्यात दुसरा एकही बदल नको. त्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज नावाच्या फाइलीत टाकलात की गिटहबवर ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ते) बघताना तो वगळला जातो. नाहीतर पुढची दोन वर्षं प्रत्येक ओळीवर तुमचं नाव!

कळफलक
_सोनचाफाताई_, दंडवत. सीआरएलएफच निघालं. इंडेंटचंही _रात्रपाळी_ म्हणाले तसंच. ऑटो सेव्ह बंद केला. आता एफ२ राहिलं.

रात्रपाळी
एफ२ म्हणजे शोधा-आणि-बदला नव्हे. एडिटर भाषेच्या सर्व्हरला विचारतो की हे नाव कुठे कुठे वापरलंय, आणि सर्व्हरला जेवढा प्रोजेक्ट ठाऊक तेवढंच उत्तर येतं. फ्रंटएंडच्या फोल्डरमध्ये जेएसकॉन्फिग किंवा टीएसकॉन्फिग (प्रोजेक्टात कुठल्या फायली येतात ते सांगणारी फाइल) नसेल तर त्याला फार तर उघड्या फायली आणि त्यांनी इम्पोर्ट केलेल्या फायलीच माहीत. जेएसकॉन्फिग ठेवा, त्यात 'इन्क्लूड'मध्ये सोर्स फोल्डर द्या, कमांड पॅलेटमधून टीएस सर्व्हर रीस्टार्ट करा. पायथनकडे आधी इंटरप्रिटर बरोबर निवडलाय का ते तपासा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चुकलं की इम्पोर्टखाली नागमोडी रेघा येतात.

नाव टाइप करताना चौकटीत प्रीव्ह्यूची कळ दिलेली असते. ती वापरा, नुसतं एंटर नको.

जुनाजाणता
जँगोत मॉडेलच्या फील्डचं नाव बदलणार असाल तर थांबा. टेम्प्लेटमधली नावं, फिल्टरमध्ये दोन अंडरस्कोर लावून लिहिलेली नावं, सीरियलायझरमधल्या अवतरणातल्या याद्या, यांतलं बरंचसं रिनेमच्या हाती लागत नाही. एफ२ नंतर जुन्या नावाचा साधा शोध घ्यायचाच.

खरी जोखीम त्यापुढे आहे. मेकमायग्रेशन्स (मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची फाइल, लिहिणारी जँगोची कमांड) विचारतं, अमुक फील्डचं नाव तमुक केलंत का? कंसात वाय लहान, एन मोठा. म्हणजे नुसतं एंटर मारलं की उत्तर 'नाही' धरलं जातं, आणि मायग्रेशनमध्ये जुना कॉलम काढून नवा टाकण्याचा हुकूम लिहिला जातो. चालवलं की त्या कॉलममधला डेटा गेला. नो-इनपुट लावून चालवलंत तर प्रश्नही येत नाही. मायग्रेशनच्या फाइलीत 'रिनेमफील्ड' दिसतंय याची डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय ती पुश करू नका. एडिटर कुठलाही असो.

मांडवीकाठ
पायचार्मचं विचारलंत म्हणून. दिवसभर पायथनच असेल तर जरूर घ्या. शिफ्ट-एफ६ ने रिनेम करताना कॉमेंट आणि स्ट्रिंगमध्येही शोधायचं का ते विचारतं, हे मला फार सोयीचं वाटतं. पण निम्मं काम रिअ‍ॅक्टमध्ये असेल आणि अडचण रेपोतच असेल, तर एडिटर बदलून ती सुटायची नाही. रेपोत डॉट-एडिटरकॉन्फिग (इंडेंट वगैरेचे नियम सांगणारी) फाइल ठेवा. पायचार्म ती स्वतःहून वाचतं, व्हीएस कोडला एक्स्टेन्शन लागतं.

शब्दखूण
अवांतर: आमच्या मराठी भाषांतराच्या फाइलीत 'दुसऱ्या' शोधलं तर निम्मे सापडतात. समोर शब्द दिसतोय, तरी एडिटर म्हणतो नाही. यावर काय?

सोनचाफा
हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. कोणी ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि य लावतं, तर कोणी साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह) आणि य. बऱ्याच फाँटमध्ये दिसायला अगदी सारखं, आत कोड वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशन केलं तरी दोन्ही एक होत नाहीत.

शोधपट्टीत रेजेक्स (नमुन्याने शोध) चालू करून र, हलन्त आणि पुढे बॅकस्लॅश-यू-२००डी असं शोधा, त्या जागी ऱ आणि हलन्त घाला. एकदम 'रिप्लेस ऑल' नको, टेस्टमध्ये तीच वाक्यं जुन्या रूपात कोरलेली असतील तर सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) लाल होईल.