बाळाचा विचार चाललाय, घरात खडे मीठ अन् सैंधव. बदलावं का?

सेलूकरीण: नमस्कार मंडळी. आमच्याकडं (परभणी जिल्हा) सासूबाई भाजी-वरणात आठवडी बाजारातलं खडे मीठच टाकतात. ह्यांनी मोबाईलवर काहीतरी बघून सैंधव आणलंय. पाकिटातलं मीठ 'केमिकलचं' म्हणून घरात येतच नाही. मैत्रीण म्हणायली, दिवस राहायच्या आधीच आयोडिनचं बघ. खरंच गरज आहे का? मासे-अंडी खात नाही, दूध घरचं आहे. सासूबाईंना दुखवायचं नाहीये.

गोदाकाठ: आहे गरज, आणि आत्ताच. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी नीट कामाला लागेपर्यंत जवळपास निम्मे दिवस जातात. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड हार्मोनवर चालते आणि ते बनवायला आयोडिन लागतं. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत चार-पाच आठवडे गेलेले असतात, म्हणून साठा आधी भरलेला हवा. एरवी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना २५०.

भाकरी_ठेचा: माझ्या आजीला अकरा लेकरं झाली खड्या मिठावर! अन् खडे मीठ समुद्राचंच असतं की, आयोडिन असणारच.

गोदाकाठ: भाऊ, समुद्राच्या पाण्यात असतं, मिठागरातल्या खड्यात नावापुरतंच उरतं. सैंधवाचंही तेच. वरून मिसळावंच लागतं. खाण्यासाठी बिगर आयोडिनचं मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे, तरी पोती बाजारात येतातच. आणि कमतरता असली की गलगंड दिसेलच असं नाही. थोडी कमतरता बाहेरून कळतसुद्धा नाही.

ताई, म्हणून मीठ जास्त खाऊ नकोस, बीपीचं दुखणं मागं लागेल. दुकानातल्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडिन हवं. म्हणजे दिवसाचं ५ ग्रॅम मीठ धरलं तर खात्रीचं ७५ मायक्रोग्रॅम. घरच्या दुधातून आणखी थोडं मिळेल. बाकीचं गोळीतून घ्यायचं का, ते डॉक्टरांना विचार. गरोदरपणाच्या सगळ्याच गोळ्यांत आयोडिन नसतं, पाकिटाची मागची बाजू वाचायची. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र ऑनलाईन मागवू नकोस, अतिरेकानंही थायरॉईड बिघडतं.

बीडची_आशा: सासूबाईंसाठी सोपा उपाय सांगते. गावातल्या आशाताईकडं मीठ तपासायचं किट असतं का विचारा. दोन पुड्या बांधून न्या, एक खड्याची, एक पाकिटातली. सासूबाईंसमोरच थेंब टाकायला लावा. आयोडिन असलेलं मीठ निळं-जांभळं होतं, दुसरं पांढरंच राहतं. मी घरोघर हेच करते, भाषण द्यावं लागत नाही 😄

अन् मिठाचा डबा चुलीशेजारी उघडा ठेवू नका. कोरडी, घट्ट झाकणाची बरणी घ्या. कोरड्यास (भाजी-कालवण) उतरवताना मीठ टाकलं तर आयोडिन कमी उडतं.

गोदाकाठ: +१. आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आत्ताच करून घे. फॉलिक अ‍ॅसिडही (रोज ४०० मायक्रोग्रॅम) दिवस राहायच्या आधीपासूनच सुरू करतात. थायरॉईडची गोळी आधीच चालू असेल तर आयोडिनची जास्तीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थायरॉईडची गोळी अन् लोहाची गोळी यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं, हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही.

सेलूकरीण: गोळी चालू नाही. टीएसएच ह्याच आठवड्यात करते. पण उन्हाळ्यात लोणच्याला खडेच लागतात म्हणतील, मग?

बीडची_आशा: लोणच्याला राहू द्या हो खडे! रोजच्या वरण-भाजीचं अन् कणकेचं तेवढं बदला.