विषय: रविवारची शाळा – पहिले राष्ट्राध्यक्ष मुलांना कसे सांगायचे?

प्रेषक: मराठी शाळा, दुसरी-तिसरीचा वर्ग

सप्रेम नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी आहे आणि तिच्या आदल्या दिवशी आपली शाळा भरणार आहे. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन ही अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांची नावं मुलांनी त्यांच्या रोजच्या शाळेत ऐकली आहेत. पण आजीने फोनवर "काय शिकलास रे?" असं विचारलं की "प्रेसिडेंट्स" एवढं बोलून गाडी थांबते. पुढचं सांगायला मराठी शब्दच नसतात. म्हणून एक पूर्ण तास याच विषयाला द्यायचं ठरवलं आहे.

चेरीच्या झाडाची नाटुकली बसवावी असं मनात आहे. छोटा जॉर्ज वॉशिंग्टन कुऱ्हाडीने वडिलांचं चेरीचं झाड तोडतो आणि विचारल्यावर खरं सांगतो, संवादही सोपे. आणखी काही सुचलं तर जरूर कळवा. आणि फळ्यावर काय लिहू, राष्ट्रपती की राष्ट्राध्यक्ष?

– वर्गाची ताई

---

प्रेषक: वाचनालयाचे काका

ताई, नमस्कार.

नाटुकली अवश्य बसवा, पण चेरीचं झाड नको, ही कळकळीची विनंती. त्या गोष्टीला आधार नाही. वॉशिंग्टन वारले १४ डिसेंबर १७९९ ला. मग मेसन लॉक वीम्स नावाच्या धर्मोपदेशकाने त्यांचं चरित्र लिहिलं आणि कुऱ्हाडीचा प्रसंग त्यात आला तो १८०६ च्या आवृत्तीत. खरं बोलावं हे शिकवायला बनवलेला प्रसंग आपणच खरा म्हणून सांगायचा, हे मला पटत नाही. मुलं थोडी मोठी झाली की त्यांना ते कळतं, आणि मग आपण सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो. वॉशिंग्टन यांचे दात लाकडी होते म्हणतात, त्याचंही तेच. त्यांच्या कवळ्या हस्तिदंत, धातू, जनावरांचे दात आणि माणसांचे दात वापरून केलेल्या होत्या. लाकूड त्यात नव्हतं.

खरे प्रसंग इतके आहेत की तास पुरायचा नाही. १७८९ मध्ये न्यूयॉर्कला पहिला राष्ट्राध्यक्ष शपथ घेणार, पण त्याला हाक काय मारायची यावरच वाद! अमेरिकी संसदेच्या दोन सभागृहांपैकी सेनेटच्या समितीने सुचवलेल्या बिरुदाचा अर्थ साधारण असा: 'महामहिम, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षक'. दुसरं सभागृह, प्रतिनिधिगृह, म्हणालं, नुसतं प्रेसिडेंट पुरे. नुकताच इंग्लंडच्या राजाशी लढा झालेला, पुन्हा राजासारखी बिरुदं कशाला? याची नाटुकली करा. एका बाजूची मुलं लांबच लांब बिरुदं सुचवतील, दुसरी नाकारतील. मुलांना वाट्टेल ती विशेषणं जोडू द्या, शब्दसंग्रह आपोआप वाढेल.

दुसरी गोष्ट शनिवारवाड्याची. सुट्टीत पुण्याला गेलेल्या मुलांनी तो पाहिलेला असतो. त्याची वास्तुशांत १७३२ ची आणि वॉशिंग्टन यांचा जन्मही १७३२ चा. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने वॉशिंग्टन यांच्यापुढे शस्त्रं खाली ठेवली, तोच पाच वर्षांनी हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला. टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या बाजूने लढल्या. पेशवाई बापाकडून मुलाकडे जात होती, त्याच काळात इथे एक माणूस आठ वर्षं कारभार पाहून १७९७ मध्ये आपणहून शेतावर परतला. हा फरक आठ वर्षांच्या मुलालाही समजतो.

राष्ट्राध्यक्षच लिहा. आपल्याकडे राष्ट्रपती वेगळे आणि सरकार चालवणारे पंतप्रधान वेगळे. इथे दोन्ही कामं एकाच माणसाकडे, म्हणून शब्दही वेगळा ठेवलेला बरा.

– काका

---

प्रेषक: दुसरीतल्या मुलाची आई

काका, सगळं आवडलं, पण एक काळजी आहे. "माणसांचे दात" म्हटलं की माझा मुलगा पहिला प्रश्न विचारणार, "कुणाचे?" तिथून गुलामगिरी आलीच. तो सात वर्षांचा आहे, रात्री दचकून उठणारा. मोठेपणी कळेलच की त्याला. शिवाय ज्या देशाने आपल्याला घर दिलं, त्याच्या थोर माणसांची ओळख आपण अशी करून द्यावी का? मनापासून विचारते आहे.

– आई

---

प्रेषक: चौथीतल्या मुलीची आई

दुसरीतल्या मुलाच्या आई, तुमची काळजी मलाही होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलीला माउंट व्हर्नन, म्हणजे वॉशिंग्टन यांचं घर, दाखवायला नेलं. नोकरांच्या खोल्या असतील असं समजून ती एका खोलीत शिरली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "आई, यांना घरी जायची सुट्टी कधी असायची?" मला मराठीत उत्तर देता येईना. इंग्रजीतही नीट देता आलं नाही. मुलं पाहतात, वाचतात, इतर मुलांकडून ऐकतात. आपण गप्प बसलो तर हा विषय घरी काढायचा नसतो, एवढंच त्यांना समजतं.

दातांचं वर्गात नको, हे मलाही पटतं. १७८४ च्या हिशेबात नऊ दातांचे पैसे गुलामीतल्या माणसांना दिल्याची नोंद आहे. ते आपण मोठ्यांनी ठाऊक ठेवावं. मुलांना ओना जज यांच्याबद्दल सांगू या. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना फिलाडेल्फियाच्या घरात गुलामीत असलेल्या ओना त्यांच्या पत्नी मार्था यांचे कपडे, शिवणकाम सांभाळायच्या. आपल्याला मार्था यांच्या नातीच्या लग्नाची भेट म्हणून देणार आहेत, हे त्यांना कळलं. मे १७९६ मध्ये, घरची मंडळी जेवायला बसलेली असताना, त्या निघून गेल्या. जहाजाने न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्स्मथला पोचल्या. पकडून आणणाऱ्याला दहा डॉलर बक्षीस अशी जाहिरात निघाली, माणसं पाठवली गेली, पण त्या परत आल्या नाहीत. पुढे वाचायला शिकल्या. १८४८ पर्यंत जगल्या. माणूस भेट म्हणून कसा देता येईल, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतील. त्यात रक्त नाही, चाबूक नाही, आणि खोटंही काही नाही.

दोन गोष्टी भाषेच्या. 'गुलाम' हा शब्द त्या माणसाची जात असल्यासारखा वाटतो. मुलांशी बोलताना 'गुलामीत ठेवलेली माणसं' म्हणू या, म्हणजे कुणीतरी ठेवलं होतं हे वाक्यातच येतं. आणि वॉशिंग्टन यांना 'ते' म्हणायचं तर ओना जज यांनाही 'त्या'च म्हणायचं. इंग्रजीत हे दाखवायची सोयच नाही, आपल्या भाषेत आहे. निदान आपल्या वर्गात तरी ती वापरली जावी असं मला फार वाटतं.

आणि हा विषय मराठीला परका कसा म्हणायचा? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये लिहिलेलं 'गुलामगिरी' गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलेलं आहे. थोर माणसांचं म्हणाल तर, आपल्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करावं असं वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. तेही सांगू. पण ओना त्यांत येत नव्हत्या, मार्थाबाईंच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीत त्यांची गणती होती. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांत एकट्या अ‍ॅडम्स यांनी कुणालाही गुलामीत ठेवलं नाही.

– आई

---

प्रेषक: मराठी शाळा, दुसरी-तिसरीचा वर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. चेरीचं झाड रद्द. मी स्वतः ते मागच्या वर्षी खरं म्हणून सांगितलं होतं, त्या मुलांनाही आता दुरुस्त करून सांगेन.

तास असा घेते. आधी बिरुदांची नाटुकली. मग भिंतीवर दोन खुणा: ६ फूट २ इंच वॉशिंग्टन, ५ फूट ४ इंच चौथे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन, आणि मुलं शेजारी उभी राहून आपली उंची मराठीत सांगतील. मग ओना जज यांची गोष्ट. दुसरीतल्या मुलाच्या आई, तुम्ही त्या वेळी वर्गात बसलात तर मलाही धीर येईल, आणि तुम्हाला नको वाटलं तिथे मी थांबेन.

शेवटी पत्रं. अ‍ॅडम्स आणि जेफरसन आधी मित्र, मग राजकारणात भांडले, अबोला धरला. १८१२ च्या जानेवारीत अ‍ॅडम्स यांनी पहिलं पत्र लिहिलं आणि पुढे चौदा वर्षं दोघं एकमेकांना लिहीत राहिले. ४ जुलै १८२६ ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी, दोघेही गेले. आपल्या वर्गातही सध्या दोन मैत्रिणींचा अबोला चालू आहे. प्रत्येक मुलाने ज्याच्याशी भांडण झालं त्याला चार ओळींचं मराठी पत्र लिहायचं. मायना मी फळ्यावर लिहून देईन.

जाड कागद माझ्याकडे आहे. पाकिटं आणि उंची मोजायची टेप कुणीतरी आणा. सकाळी १० वाजता, नेहमीच्या खोलीत.

– ताई