शाळा न शिकलेल्या आजी-आजोबांची स्मृतिभ्रंश तपासणी: चुकीचे पॉझिटिव्ह (निरोगी असून आजारी ठरणं) कसे कमी करावे?

सीएचओ (उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी), यवतमाळ जिल्हा:
सीबॅक फॉर्ममध्ये (आशाताई भरतात ती आरोग्याची प्रश्नावली) "जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का" याला 'हो' आलं की आम्ही एमएमएसई (स्मरण, लक्ष, भाषा तपासणारी 30 गुणांची चाचणी) घेतो. शाळेत न गेलेले बहुतेक जण 30 पैकी 24 च्या खाली, म्हणजे संशयितांत येतात. त्यातल्याच बाया कापूस वेचणीचा हिशेब तोंडी, बिनचूक करतात. सगळ्यांना जिल्ह्याला पाठवणं शक्य नाही. काय बदलावं?

मानसोपचार परिचारिका:
ताई, आधी चाचणीच बदला. वाक्य लिहा, पंचकोन काढा, 100 मधून 7 वजा करत जा, हे सगळं शाळा झाली असं धरून चालतं. एचएमएसई (एमएमएसईचं हिंदी रूप) ही चाचणी 1995 मध्ये हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी तयार झाली. तिच्यात वाचायला देण्याऐवजी "माझ्याकडे पाहा, मी करतो तसं करा" म्हणून डोळे मिटून दाखवतात. लिहिण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य बोलायला सांगतात. तारखेच्या जागी मराठी महिना, पोळा झाला की व्हायचा आहे, असं विचारणं सुचतं आणि योग्यही आहे. पण प्रश्न बदलले की छापील कटऑफ (ज्या गुणांखाली संशय धरतात तो आकडा) लागू राहत नाही, हे लक्षात असू द्या.

कोलामी किंवा कोरकू बोलणाऱ्यांना मराठीत विचारलं तर भाषेपायीच गुण जातात. दुभाषा घरचा नको, तो नकळत उत्तर सुचवतो.

वैद्यकीय अधिकारी:
तीन शब्द सांगितले की लगेच परत म्हणवून घ्या. तिथेच अडलं तर पुढे जाऊ नका, कान बघा. मळ साचलेला असतो, किंवा ऐकूच कमी येतं. चष्मा असेल तर घालायला लावा. टीव्ही बंद, सून-नातवंडं बाहेर, आणि शब्द समोर दिसणाऱ्या वस्तूंचे नकोत. महिन्याभरात परत घ्यायची तर शब्द वेगळे, नाहीतर पाठांतर मोजलं जातं.

औषधांची पिशवी मागवा. झोपेच्या गोळ्या, सर्दीची क्लोरफेनिरामाइन, कंपवातावरची ट्रायहेक्सिफेनिडिल यांनी डोकं मंदावतं. प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" येत असेल तर नैराश्य तपासा. बी-12, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन करून घ्या. विसरणं दोन-चार दिवसांत अचानक सुरू झालं, दिवसभरात कमी-जास्त होतं, तर ते डेलिरियम (आजाराने किंवा औषधाने अचानक आलेला मेंदूचा गोंधळ) समजा आणि त्याच दिवशी पाठवा. त्यात चाचणी घेत बसणं धोक्याचं.

सामुदायिक आरोग्य, वर्धा:
गणित मांडून पाहा. लासी-डॅड या देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीत 60 वर्षांपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के निघालं. 100 जणांत 7 रुग्ण धरा. चाचणी 80 टक्के रुग्ण पकडते आणि 80 टक्के निरोगींना बरोबर सोडते असं मानलं, तरी खरे 5-6 सापडतील आणि 18-19 निरोगी नाहक अडकतील. म्हणून दुसरी पायरी हवीच: घरच्यांना वेगळं बसवून विचारा. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता पैसे मोजणं, शेतातून घरी येणं, गोळ्या घेणं कसं आहे? गुण कमी आणि कामंही सुटत चाललेली, अशांनाच आधी पाठवा. गुण कमी पण कामं चोख असतील तर सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

सीएचओ, यवतमाळ जिल्हा:
मुलं पुण्याला, आजी एकट्या असतील तर?

सामुदायिक आरोग्य, वर्धा:
त्यांच्या संमतीने रोज भेटणाऱ्या शेजारणीला विचारा. फोनवरच्या मुलाला आई बोलण्यात ठीकच वाटते. घरातही बघा: गोळ्यांची पाकिटं उरली आहेत का, डब्यात शिळं तसंच आहे का, वीजबिल थकलंय का.