जुनं मेट्रोपॉलिटन सोडलं ते ठीक, पण पाडलं ते?

पार्क_चौककर
न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा जुन्या थिएटरमधला शेवटचा हंगाम, १९६५-६६, याबद्दल दोन दिवस वाचतोय. (ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा चुलतभाऊ. तिथं गद्य जवळजवळ नाहीच, भांडणंसुद्धा गाऊन.) ब्रॉडवेवर ३९व्या रस्त्याला असलेली ही वास्तू २२ ऑक्टोबर १८८३ ला गूनो या संगीतकाराच्या 'फाउस्ट' या ऑपेरानं उघडली. १६ एप्रिल १९६६ ला निरोपाची मैफल झाली. वाद्यवृंद चालवणारे स्टोकोव्स्की प्रेक्षकांकडे वळले आणि ही वास्तू वाचवा अशी विनवणी केली. पुढच्याच वर्षी पाडली! तिथं आता ४० मजली ऑफिसची इमारत आहे.
माझं मत सरळ आहे. नव्या जागेत जाण्यात चूक नव्हती, जुनी पाडणं हे पाप. त्याच शहरात १९६० साली आयझॅक स्टर्न या व्हायोलिनवादकानं लोक गोळा करून कार्नेगी हॉल वाचवला होता. म्हणजे मनात असतं तर जमलं असतं.

जुनी_मिलवाला
मालक, तुम्ही कधी सेट उतरवलाय का टेंपोतून? मी राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात रात्री दोन वाजता लेव्हल्स (नेपथ्याचे लाकडी चौथरे) वाहिल्यात. त्या जुन्या मेटमध्ये (मेट्रोपॉलिटनमध्ये) विंगेला जागाच नव्हती. एका खेळाचं नेपथ्य बाहेर सातव्या अॅव्हेन्यूच्या फुटपाथवर उभं, पावसात, बर्फात. रोज वेगळा ऑपेरा, रोज हेच. समोरच्या सोनेरी बॉक्समध्ये बसणाऱ्यांना वास्तू 'भव्य' वाटते, मागं वाकून मरणाऱ्याला विचारा. मूळ थिएटरसुद्धा नवश्रीमंतांनी बांधलं, कारण अॅकॅडमी ऑफ म्युझिक या आधीच्या ऑपेरा थिएटरात त्यांना बॉक्स मिळत नव्हते. त्यात पवित्र काय?

चाटी_गल्ली
विंगेचं मान्य. पण विंगा नाहीत म्हणून पाडलं नाही हो. कंपनीला त्या जमिनीचं भाडं हवं होतं, ते एक. दुसरं, रिकामं थिएटर दुसऱ्या कुणी घेऊन आपलाच प्रेक्षक ओढला तर, ही धास्ती. भाड्याचं मी समजू शकते. आपलं जुनं घर दुसऱ्याला मिळू नये म्हणून पाडायचं, हे कुठल्या कलेत बसतं?

भाकरी_शेंगाचटणी
काय बे, भिंतींना मिठ्या मारताय! ललितकलादर्श ही नाटक कंपनी १९०८ साली हुबळीत निघाली, बालगंधर्वांची गंधर्व मंडळी १९१३ ला. पडदे नि ट्रंका घेऊन गावोगाव बिऱ्हाड. मिळेल त्या थिएटरात खेळ लावला, तरी लोक रात्र रात्र जागले. कंपनी म्हणजे गळे.

पार्क_चौककर
गळे खरेच. पण मग कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळलं तेव्हा माणसं रस्त्यावर का रडत होती? तेही शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं. ज्या ललितकलादर्शचं नाव घेतलंत, ती केशवरावांचीच.

भाकरी_शेंगाचटणी
आग लागणं वेगळं, विचार करून सोडणं वेगळं. आणि १९६७ साली तिकडं भिंती पडत होत्या तेव्हा इकडं 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं, झरीना आपल्या सोलापूरच्या फैय्याज. कुणी विचारलं का, थिएटर कितव्या सालचं?

जुनी_मिलवाला
नव्या घराचंही ऐका. १६ सप्टेंबर १९६६ ला बार्बर या संगीतकाराच्या 'अँटनी अँड क्लिओपात्रा' ऑपेरानं उद्घाटन, आणि तालमीतच फिरता रंगमंच बंद पडला. हे मी माझ्याच विरुद्ध सांगतोय. तरी पुढं साठ वर्षं तिथंच चाललंय ना?

चाटी_गल्ली
चाललंय. मला टोचतंय ते निराळंच. जुन्या मेटचा सोनेरी जरीचा पडदा कापला आणि तुकडा तुकडा रेकॉर्डच्या संचासोबत विकला. ज्या पडद्यामागं मोठमोठ्या गायकांनी श्वास आवरला असेल, त्याचे नमुने! पेठेत चादरीचा कपटा दाखवतात तसे.

जुनी_मिलवाला
हे नव्हतं माहीत. आमच्या घरात तीन पिढ्या मागावर गेल्यात. थान कापायचं तर आधी हात थांबतो, तिथं पडदा?
थिएटरबद्दल माझं मत तेच. पडद्याचं तुमचं बरोबर.

भाकरी_शेंगाचटणी
तुकडा कुणाकडं असेल तर फोटो टाका. वीण बघायची आहे.