आरसी (रेडिओने चालवायच्या) ट्रॉलरमध्ये पाणी शिरते आणि मोटर तापते : शाफ्टची नळी बदलावी का?

गिरगावची_होडी
नमस्कार. गणपतीनंतर मी किटमधून १:२० प्रमाणातला मासेमारी ट्रॉलर बांधायला घेतला. लांबी ७५ सेंटीमीटर आहे. प्लायच्या फासळ्यांवर लाकडी पट्ट्या चिकटवून तळ पूर्ण झाला, बाहेरून रंगही दिला. रविवारी गच्चीवर भाच्याच्या हवा भरायच्या टबात होडी सोडली, तर दहा मिनिटांत तीन-चार चमचे पाणी आत आले, शाफ्ट (मोटरची गती पंख्यापर्यंत नेणारा दांडा) खरखरू लागला आणि ३८० आकाराची मोटर बोट टेकवता येणार नाही इतकी तापली. शिवाय होडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा बराच खाली बसतो. शाफ्ट ज्यातून तळाबाहेर जातो त्या नळीत सूचनापत्रकात सांगितल्याप्रमाणे ग्रीस भरले होते. नवी नळी मागवावी का?

सुकाणू_मुलुंड
नळी मागवण्याची घाई करू नका. माझ्या मते आपल्या तक्रारी दोन दिसत असल्या, तरी त्यांचे मूळ एकच असावे. मोटरचा दांडा आणि शाफ्ट एका रेषेत नसतील, तर त्या दोघांना जोडणारा युनिव्हर्सल जॉइंट थोडा कोन सांभाळून घेतो, पण सरळसरळ बाजूला सरकलेला दांडा त्याला झेपत नाही. मग मोटरवर ताण येतो, शाफ्ट थरथरतो आणि त्या थरथरीने नळी जिथे तळातून बाहेर पडते तिथला चिकटवलेला सांधा सुटतो.

खात्री करणे सोपे आहे. आतला भाग पुसून कोरडा करा, नळीच्या आतल्या तोंडाखाली एक आणि सांध्याभोवती एक, असे टिश्यू पेपरचे दोन तुकडे ठेवा आणि होडी मोटर बंद ठेवून पाण्यात सोडा. पाणी नळीतून आले, तर पहिला तुकडा भिजेल. सांधा गळत असेल, तर दुसरा. सांधाच निघाला, तर जुना गोंद खरवडून पितळी नळी पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या आणि सावकाश घट्ट होणाऱ्या अ‍ॅरल्डाइटने पुन्हा बसवा. त्याच वेळी जॉइंट काढून त्याच्या जागी दोन्ही दांड्यांवर घट्ट बसेल असा सरळ पितळी नळीचा तुकडा घाला, मोटर त्याच स्थितीत पक्की करा आणि मगच तो काढून जॉइंट लावा. मी माझ्या पहिल्या टगवर हे डोळ्यांच्या अंदाजाने केले होते आणि दोन वेळा उखडावे लागले.

तांडेल_वर्सोवा
वरील सल्ल्याशी सहमत आहे. एक भर घालतो : बाहेरचा रंग पाणी अडवतो, पण आतले उघडे लाकूड मुंबईच्या पावसाळ्यात हवेतलाच ओलावा ओढून फुगते, म्हणून आतून पातळ इपॉक्सीचा एक हात द्यावा. पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडते खरे, पण लाकडाला ते इपॉक्सीइतके धरत नाही.

मागचा भाग बसतो, कारण बॅटरी आणि मोटर दोन्ही मागे आली असणार. आधी बॅटरी पुढे सरकवा. उरलेला तोल वाळूच्या पिशव्या इकडे-तिकडे ठेवून शोधा. होडी जलरेषेवर (पाणी जिथपर्यंत यायला हवे त्या रेषेवर) सपाट बसली, की तेवढ्याच वजनाचे शिसे शक्य तितके खाली चिकटवा. जाळ्याला लावतात ती शिशाची वजने चालतात. १:२० ला वजन ८००० पटींनी घटते, म्हणजे २४ टनांच्या खऱ्या ट्रॉलरची प्रतिकृती ३ किलोची झाली पाहिजे. हलकी होडी लाटेवर बुचासारखी उडते.

रिसीव्हरची अँटेना जलरेषेच्या वर ठेवा, २.४ गिगाहर्ट्‌झचे संकेत पाण्यातून जात नाहीत. समुद्रात सोडण्याचा मोह टाळा. खारे पाणी मोटर आणि स्पीड कंट्रोलर दोन्ही खाते. पवई तलावात मात्र मगरी आहेत, तेव्हा अडकलेली होडी आणायला पाण्यात पाऊल टाकू नये.

गिरगावची_होडी
दोघांचे आभार. टिश्यूचा सांध्याजवळचा तुकडा भिजला, नळीजवळचा कोरडाच राहिला. मोटर जवळजवळ दोन मिलिमीटर डावीकडे बसवली होती. पितळी तुकडा घालून ती नीट केली, सांधा पुन्हा भरला आणि वीस मिनिटे चालवली, तर मोटर जेमतेम कोमट होती. वाळूच्या पिशव्यांचे गणित अजून चालू आहे. सध्या नाळेजवळ (होडीच्या पुढच्या टोकाशी) ४२० ग्रॅम लागत आहेत.